टोक उघडं आहे का?

उलटतपासणी सुरू होऊन दहाएक मिनिटं झाली असतील. बचाव पक्षाचे वकील वयस्कर होते, आवाज न चढवता बोलणारे. त्यांनी न्यायाधीशांची परवानगी घेऊन मुद्देमालाचं पाकीट मागवलं, लाखेचं सील फोडलं आणि कापसात गुंडाळलेली गोळी माझ्यापुढे ठेवली.

"मॅडम, तुम्ही अहवालात लिहिलंय की मयताची जखम डमडम जातीच्या, म्हणजे शरीरात फुटणाऱ्या गोळीची आहे. बरोबर?"

"हो."

"ही गोळी तुम्ही पूर्वी पाहिलीत?"

"नाही. ती घटनास्थळी जमिनीतून उकरून काढली होती. तिथून परस्पर प्रयोगशाळेत गेली."

"मग आता पाहा. टोक उघडं आहे का?"

मी गोळी उचलली. टोक अणकुचीदार होतं आणि तांबूस कवचाने सलग मढवलेलं. गोळी मध्यावर किंचित वाकली होती, बुडातून थोडं शिसं पिळवटून बाहेर आलं होतं. टोक मात्र शाबूत होतं.

"नाही," मी म्हणाले.

"मग डमडम हा शब्द तुमच्या अहवालात कुठून आला?"

पिंजऱ्यात उभी असताना मला त्याचं उत्तर देता आलं नाही. न्यायवैद्यकशास्त्र शिकवण्यात आणि शवविच्छेदनं करण्यात माझी बत्तीस वर्षं गेली. त्यातल्या बाराव्या वर्षातली ही गोष्ट. निवृत्तीनंतर आता ते उत्तर लिहायला बसले आहे. त्या एका शब्दामागे माझे बरेच समज लपलेले होते आणि ते एकेक करून सोडायला मला पुढची कित्येक वर्षं लागली.

मृत मुलगा एकवीस वर्षांचा होता. गोळी मांडीत समोरून शिरली होती. प्रवेशाची जखम करंगळी जेमतेम जाईल एवढी. मागच्या बाजूला मात्र तळहाताएवढा खड्डा, स्नायूंच्या चिंध्या आणि त्यांत रुतलेल्या हाडाच्या चिपा. मांडीचं हाड मध्यावर चुरडलेलं. मोठी रक्तवाहिनी तुटून रक्तस्रावाने तो गेला. मी ते पाहिलं आणि हातासरशी लिहून टाकलं, कारण मला तसं पाठ होतं: जाताना लहान, येताना मोठी, म्हणजे डमडम. हेच मी दर वर्षी विद्यार्थ्यांना सांगत होते. तोंडी परीक्षेत हेच उत्तर आलं की गुण देत होते. प्रसरण पावलेली गोळी मात्र तोवर मी एकदाही हातात घेतली नव्हती.

आरोपीला शिक्षा झाली, ती प्रत्यक्षदर्शींच्या साक्षीवर. निकालपत्रात माझं मत एका वाक्यात बाजूला ठेवलेलं होतं. पण मला त्याहून लागलं ते दुसरंच. साक्ष संपवून मी बाहेर आले तेव्हा त्या मुलाचे वडील व्हरांड्यात उभे होते. धोतर, हातात टोपी. ते म्हणाले, "बाई, पण गोळी लागूनच गेला ना तो?" माझ्या एका चुकीच्या शब्दाने त्यांच्या मनात एवढीसुद्धा शंका उभी राहिली होती.

त्या रात्रीपासून मी वाचायला लागले. प्रयोगशाळेतल्या एका सहकाऱ्याने पुष्कळ शिकवलं. त्याने सुरुवातच माझ्या पाठांतराच्या मुळावर घाव घालून केली. "प्रसरण पावणारी गोळी बहुतेक वेळा बाहेर येतच नाही, मॅडम. आत थांबावी म्हणूनच ती तशी बनवतात. मागे मोठं भगदाड आहे म्हणून ती डमडम, हे तुम्ही नेमकं उलटं शिकवताय."

गोष्ट साधी आहे, पण मी ती कधी नीट समजून घेतली नव्हती. शिसं मऊ असतं. त्यावर तांब्याच्या मिश्रधातूचं कवच चढवलं की गोळी आपला आकार टिकवते. हे कवच टोकाशी थोडं उघडं ठेवलं, किंवा टोकाला छोटी पोकळी ठेवली, तर गोळी मांसात शिरताच समोरचा ओला ऊतक त्या तोंडावर दाब देतो. पोकळीत तो द्रवासारखा घुसतो आणि भिंती आतून बाहेर ढकलतो. कवच पाकळ्यांसारखं मागे वळतं, शिसं पसरतं आणि गोळीला अळंबीचा आकार येतो. ९ मिलिमीटरची गोळी पसरून १४-१५ मिलिमीटरची होते. तोंड रुंद झालं की अडथळा वाढतो, वेग झपाट्याने उतरतो आणि गोळी थांबते. यात कुठलीही दारू पेटत नाही, स्फोट होत नाही. हे सगळं होण्यासाठी पुरेसा वेग लागतो. वेग कमी पडला, किंवा जाड कपड्याचा गोळा पोकळीत आधीच अडकून बसला, तर टोक उघडतच नाही आणि गोळी साध्या गोळीसारखीच आरपार जाते.

आत फुटणारी, म्हणजे खरोखर स्फोट होणारी गोळी वेगळी. तशी गोळी रशियाने १८६० च्या दशकात बनवली होती आणि त्यांनीच पुढाकार घेऊन १८६८ साली सेंट पीटर्सबर्गच्या जाहीरनाम्यात ४०० ग्रॅमपेक्षा हलक्या स्फोटक प्रक्षेपकांवर बंदी आणली. डमडमचा जन्म त्यानंतर जवळजवळ तीस वर्षांनी झाला. मी मात्र ह्या दोन्ही गोष्टी एका शब्दात कोंबल्या होत्या. 'शरीरात फुटणारी' हे वर्णन मी ऐकलं होतं शाळेत, इतिहासाच्या तासाला. पुढे सिनेमांनी ते पक्कं केलं.

सिनेमातला दुसरा समजही माझ्या व्याख्यानात शिरला होता. गोळी लागली की माणूस मागे फेकला जातो, आणि पसरणारी गोळी असली तर अधिकच जोरात. शेवटी मी एकदा कागदावर हिशेब मांडला. आठ ग्रॅमची गोळी, सेकंदाला साडेतीनशे मीटर वेग. ती साठ किलोच्या माणसात पूर्णपणे थांबली तरी त्याला मिळणारा वेग भरतो सेकंदाला पाच सेंटिमीटरच्या आसपास. चालत्या माणसाला कुणाचा ओझरता धक्का लागावा, तेवढासुद्धा नाही. गोळी झाडणाऱ्याच्या हाताला जो झटका बसतो, त्याहून मोठा झटका ती समोरच्याला देऊच शकत नाही. माणूस कोसळतो तो मेंदूला किंवा मज्जारज्जूला इजा झाली म्हणून, रक्त गेलं म्हणून, आणि पुष्कळदा आपल्याला गोळी लागली हे कळलं म्हणून.

मग त्या मुलाच्या मांडीचं काय झालं होतं? गोळी हाडावर आदळली होती. हाडाचे तुकडे स्वतःच गोळ्यांसारखे मागे सुटले आणि त्यांनी स्नायू फाडला. शिवाय गोळी सरळ राहिली नव्हती, आडवी झाली होती. आडवी का झाली, ह्याचा शोध मला पुण्याजवळच्या खडकीपर्यंत घेऊन गेला. पंचनाम्यात एका रिकाम्या पुंगळीची नोंद होती. तिच्या बुडावर 'के एफ' अशी अक्षरं होती, म्हणजे खडकीच्या दारूगोळा कारखान्यात, जुन्या नावाने किर्की फॅक्टरीत, बनलेलं काडतूस. चोरीच्या थ्री-नॉट-थ्री रायफलमधून ते झाडलं गेलं होतं. ही अक्षरं मी पंचनाम्यांत कित्येकदा वाचली होती, पण त्यावर कधी थांबले नव्हते.

थ्री-नॉट-थ्रीची ही अणकुचीदार गोळी, 'मार्क सेव्हन', ब्रिटिशांनी १९१० मध्ये स्वीकारली. वजन साधारण सव्वाअकरा ग्रॅम. बाहेरून ती संपूर्ण कवचाची, कायद्याला धरून. पण कवचाच्या आत, टोकाच्या भागात शिसं नसतं. तिथे हलकं ॲल्युमिनियम भरलेलं असतं, युद्धाच्या धामधुमीत लाकडाचा लगदासुद्धा भरत. त्यामुळे गोळीचं वजन बुडाकडे जातं. हवेत तिला नळीतल्या आट्यांनी दिलेली गिरकी सरळ ठेवते. मांसात शिरताच ती गिरकी पुरी पडत नाही आणि जड बूड पुढे यायला बघतं. गोळी कोलांटी खाते. आडवी झालेली गोळी तिच्या पूर्ण लांबीएवढा मार्ग फाडत जाते. टोक बंदच राहतं, कायदाही मोडत नाही, आणि जखम त्या मुलाच्या मांडीसारखी होते.

हे समजलं त्या दिवशी मी सुन्न झाले. माझ्या मनात गोळ्यांच्या दोन जाती होत्या. एक क्रूर, ती डमडम. दुसरी सभ्य, ती कवचाची. कवच ही माणुसकीची खूण आहे असं मी वर्गात बोलूनही दाखवलं होतं. प्रत्यक्षात कवच आलं ते बंदुकीच्या नळीसाठी. १८८० च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये एडुआर्ड रुबिन ह्या अधिकाऱ्याने लहान व्यासाची, वेगवान गोळी तयार केली. तेवढ्या वेगाने नुसतं शिसं नळीतून गेलं तर आट्यांवर खरवडून निघतं आणि नळी शिशाने भरते. म्हणून त्याने तांब्याचं वेष्टण चढवलं. जखम त्यामुळे लहान झाली खरी, पण तो मुख्य हेतू नव्हता.

माणुसकीचा विचार करणारा माणूस त्याच देशात होता आणि तो आमच्या व्यवसायातला होता. थिओडोर कोकर. शस्त्रक्रियेच्या खोलीत उभा राहिलेला प्रत्येक विद्यार्थी 'कोकर्स' हा दातेरी चिमटा ओळखतो. त्यांना १९०९ साली नोबेल मिळालं ते थायरॉइडवरच्या कामासाठी. त्याआधी बरीच वर्षं ते पाण्यात, जिलेटिनमध्ये, मृतदेहांवर गोळ्या झाडून जखमा कशा होतात हे अभ्यासत होते. गोळीने सैनिक लढण्याच्या बाहेर जावा, त्याहून अधिक चिंधड्या होऊ नयेत, म्हणून गोळ्यांमध्ये सुधारणा करा, असं त्यांनी १८९४ मध्ये रोमच्या वैद्यकीय परिषदेत मांडलं. शवविच्छेदनात गोळी कोकर्सने धरू नका, दात उमटले की नळीच्या खुणा पुसतात, बोटांनी किंवा रबर लावलेल्या चिमट्याने काढा, हे मी हजारदा सांगितलं असेल. ज्याच्या नावाचा तो चिमटा आहे त्या माणसाने गोळ्यांवर एवढा जीव ओतला होता, हे मला कोर्टात खाली मान घालावी लागेपर्यंत ठाऊक नव्हतं.

कोकर रोममध्ये बोलले त्याच्या पुढच्याच वर्षी, १८९५ मध्ये, चित्रालची मोहीम झाली. आताच्या पाकिस्तानच्या वायव्येचा तो डोंगराळ मुलूख. ब्रिटिश फौजेकडे नवी ली-मेटफर्ड रायफल होती. जुन्या मार्टिनी-हेन्रीची गोळी जाडजूड शिशाची, तीस ग्रॅमच्या वरची. नवी चौदा ग्रॅमची, सडपातळ, कवचाची. तक्रार आली की गोळी आरपार जाते आणि पठाण धावून येतच राहतो. कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात कॅप्टन नेव्हिल बर्टी-क्ले ह्या अधिकाऱ्याने उपाय काढला. टोकावरचं कवच किंचित कमी केलं आणि शिसं जेमतेम उघडं ठेवलं. १८९७-९८ च्या तिराह मोहिमेत ती वापरली गेली. कारखान्याचं नाव गोळीला चिकटलं आणि पुढे जगातल्या कुठल्याही पसरणाऱ्या गोळीला तेच नाव पडलं, मग तिचा डमडमशी काही संबंध असो वा नसो. इंग्लंडमध्ये पोकळ टोकाची वेगळी गोळी बनत होती. १८९८ मध्ये सुदानात ओम्दुर्मानला वापरली ती ही विलायती, आपल्याकडची नव्हे. सुदानात काही पलटणींनी तर नेहमीच्या गोळ्यांची टोकं कानशीने घासली होती.

टोक घासून किंवा फुलीची चीर देऊन कुठलीही गोळी डमडम होते, ही समजूत तिथून आली असावी. पोलीस खात्यातल्या माणसांकडूनही मी ती ऐकली आहे. फौजी गोळीचं कवच बुडाशी उघडं असतं. तिचं टोकही उघडं केलं तर ते कवच दोन्ही तोंडांनी उघड्या नळकांड्यासारखं होतं. आतलं शिसं पुढे निघून जाण्याची आणि रिकामं कवच बंदुकीच्या नळीत अडकून राहण्याची शक्यता असते. पुढची गोळी मग झाडणाऱ्याच्याच तोंडावर स्फोट घडवू शकते.

युरोपात डमडमविरुद्ध ओरड उठली त्यात ट्युबिंगेनचे शल्यविशारद पाउल फॉन ब्रुन्स यांच्या प्रयोगांचा मोठा वाटा होता. भयंकर जखमा त्यांनी दाखवल्या. पण ब्रुन्स यांनी वापरली होती शिकारीची मऊ टोकाची गोळी. तिचं शिसं डमडमपेक्षा पुष्कळच जास्त उघडं होतं. हा आक्षेप घेणारे होते ॲबरडीनचे अलेक्झांडर ऑगस्टन, स्टॅफिलोकॉकस ह्या जंतूला नाव देणारे. मी ऑगस्टन यांना सूक्ष्मजीवशास्त्राच्या पुस्तकातून ओळखत होते. त्यांनी ब्रिटनच्या बाजूने डमडमची तरफदारी केली हे वाचून मी आधी चिडले. मग लक्षात आलं की गोळीबद्दलचा त्यांचा मुद्दा बरोबर होता. एका गोळीची जखम दाखवून दुसरीला दोषी ठरवायचं, हेच मी माझ्या अहवालात केलं होतं.

तरीही १८९९ च्या हेग परिषदेची हकिगत वाचताना माझा राग उतरला नाही, आणि तो उतरावा असं मला आजही वाटत नाही. ब्रिटनचे प्रतिनिधी सर जॉन आर्डा यांचा युक्तिवाद असा होता की सुसंस्कृत सैनिक गोळी लागली की थांबतो, स्ट्रेचरवर पडतो. धर्मवेडा रानटी माणूस थांबत नाही, तो भाला घेऊन येतच राहतो. म्हणून त्याच्यासाठी वेगळी गोळी. ही गोळी आपल्या भूमीवर, आपल्या कामगारांच्या हातून बनली आणि ज्यांच्यावर झाडली ते त्या परिषदेत कुठेच नव्हते. जाहीरनामा झाला. शरीरात सहज पसरणाऱ्या किंवा चपट्या होणाऱ्या गोळ्या वापरू नयेत, असं ठरलं. पण त्यात कलम होतं की हे बंधन सह्या करणाऱ्या देशांच्या आपसातल्या युद्धापुरतंच. पठाण किंवा सुदानी माणूस त्या कागदात बसत नव्हता. ब्रिटनने तर तेव्हा सहीही केली नाही. केली ती १९०७ मध्ये.

माझ्या पहिल्या समजाचं मूळ ह्याच रागात होतं. साम्राज्याचं सगळं क्रौर्य मी त्या एका गोळीत भरलं होतं. जालियनवाला बागेत डमडम वापरल्या असं मी वर्षानुवर्षं गृहीत धरलं, तसं बोललेही. तिथे झाडल्या गेल्या त्या फौजेच्या थ्री-नॉट-थ्रीच्या १,६५० फैरी. सरकारी आकड्यानुसार ३७९ माणसं मेली. कोंडलेल्या जमावावर एवढ्या जवळून गोळीबार करणाऱ्याला वेगळ्या गोळीची गरज नव्हती. हे कळल्यावर मला उलट जास्त भीती वाटली.

आता दुसरी कबुली. तिच्यामुळे माझे काही मित्र दुखावतील.

कोर्टातल्या त्या प्रसंगाच्या आधी मी एका दिवाळी अंकात लेख लिहिला होता. परदेशांतले पोलीस पोकळ टोकाच्या गोळ्या वापरतात, युद्धात शत्रूवर जी गोळी चालत नाही ती हे आपल्याच नागरिकांवर चालवतात, हा रानटीपणा आहे, आपल्याकडे हे येता कामा नये, असं मी ठासून मांडलं होतं. लेखाचं कौतुक झालं. तो लेख मी आज मागे घेते.

त्याला कारण झालं एक शवविच्छेदन. शहराचं नाव सांगत नाही. एका फरारी, हत्यारबंद माणसाने भरबाजारात पोलिसांवर पिस्तूल रोखलं आणि पोलिसांनी गोळी झाडली. ती त्याच्या कमरेच्या वर, बाजूच्या मऊ भागातून गेली. मागे, पाचसहा पावलांवर, एक बाई भाजीच्या गाड्याशी उभी होती. माझ्या टेबलावर आली ती ही बाई. गोळी तिच्या बरगड्यांमधून छातीत शिरून महाधमनी छेदून पाठीच्या कण्याशी थांबली होती. मी ती बोटांनी काढली, पाण्याखाली धुतली आणि दिव्याखाली धरली. ९ मिलिमीटर, टोक गोल, कवच सलग. आट्यांचे बारीक चरे सोडले तर कारखान्यातून निघाली तशी. दोन माणसांच्या अंगातून जाऊनही तिचा आकार बदलला नव्हता. ज्याच्यावर ती झाडली होती तो अकरा दिवसांनी रुग्णालयातून चालत तुरुंगात गेला.

सलग कवचाची ९ मिलिमीटरची गोळी प्रमाणित जिलेटिनमध्ये साठ सेंटिमीटरच्याही पुढे जाते. माणसाची छाती पुढून मागे पंचवीस सेंटिमीटरही भरत नाही. म्हणजे उरलेला वेग मागे जो कुणी उभा असेल त्याचा. पोकळ टोकाची गोळी बहुधा तीस ते पंचेचाळीस सेंटिमीटरमध्ये थांबते. न्यूयॉर्कच्या पोलिसांनी १९९८ मध्ये कवचाची गोळी सोडून पोकळ टोकाची घ्यायचं ठरवलं तेव्हा वाटेत येणाऱ्या त्रयस्थांचा जीव हेच कारण पुढे केलं होतं. मी ते कारण पूर्वी वाचलं होतं आणि सबब म्हणून सोडून दिलं होतं.

ही गोळी म्हणजे हमखास इलाज असंही नाही. ११ एप्रिल १९८६ रोजी मायामीत एफबीआयची दोन दरोडेखोरांशी चकमक झाली. एका एजंटची पोकळ टोकाची गोळी एका दरोडेखोराच्या दंडातून छातीत शिरली, छान पसरली, आणि हृदयाच्या अलीकडे थांबली. ती जखम जीवघेणी होती, पण तो माणूस त्यानंतरही लढत राहिला आणि दोन एजंट मेले. पसरली म्हणजे भागलं, असं होत नाही. पुरेशी खोलही जावी लागते. तीस ते पंचेचाळीस सेंटिमीटरचा दंडक त्यानंतरच्या चाचण्यांतून आला. ही गोळी चिलखत भेदते अशी समजूतही मी ऐकली आहे. उलट मऊ, उघडं टोक चिलखतावर सर्वांत आधी चपटं होतं.

मग युद्धातली बंदी चूक आहे का? मला तसं वाटत नाही. रणांगणावर गोळी झाडणारा शेकडो मीटरवर असतो, हातात बहुधा रायफल असते, आणि रायफलच्या वेगाने पसरणारी गोळी हातापायाचं जे करते ते शल्यविशारदाला परत जोडता येत नाही. तिथे जखमी सैनिक लढाईबाहेर गेला की काम झालं. कोकर यांनी मांडलेलं तेच होतं. २०१० मध्ये कंपालाच्या बैठकीत आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि देशांतर्गत सशस्त्र संघर्षातही अशा गोळ्यांचा वापर युद्धगुन्हा ठरला. १८९९ च्या कागदात ज्यांना जागा नव्हती त्यांना ती एकशे अकरा वर्षांनी मिळाली, ह्याचं मला मनापासून समाधान आहे. पण तो कायदा युद्धाचा आहे. 'जगभर बंदी' असं जे मी लिहिलं होतं, ते खोटं होतं. इंग्लंडमध्ये १९९१ च्या हरणांच्या कायद्याप्रमाणे रायफलने हरीण मारताना मऊ किंवा पोकळ टोकाचीच गोळी वापरावी लागते. कवचाची गोळी आरपार जाते आणि जखमी जनावर रानात तडफडत राहतं, म्हणून.

हे वाचून कुणाला वाटेल की मी पोलिसांच्या गोळीबाराची बाजू घेते आहे. २००५ च्या जुलैत लंडनच्या स्टॉकवेल स्थानकात पोलिसांनी एका निरपराध ब्राझिलियन तरुणाला अतिरेकी समजून मारलं, ते पोकळ टोकाच्याच गोळ्यांनी. गोळी कुणावर झाडायची हा निर्णय चुकला की टोकाच्या आकाराने काही वाचत नाही. माझं म्हणणं मर्यादित आहे. गर्दीच्या ठिकाणी गोळी झाडावीच लागली, तर ती एका माणसात थांबणारी असावी. दादरच्या फलाटावर संध्याकाळी सहा वाजता उभं राहून मी हे पुन्हा पुन्हा तपासलं आहे.

निवृत्तीच्या आधीच्या शेवटच्या वर्गात मी ही दोन्ही प्रकरणं सांगितली, नावं गाळून. मांडीचं आणि बाजारातलं. दोन्ही गोळ्यांची छायाचित्रं पडद्यावर होती, दोन्ही सलग टोकाची. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, "मॅडम, पोलिसांची गोळी पोकळ टोकाची असती तर ती बाई वाचली असती?"

"बहुतेक वाचली असती."

"आणि तो माणूस?"

"कमरेतून गेली ती जागा मऊ होती, तिथे गोळी कितपत पसरली असती सांगता येत नाही. पसरली असती तर आतडं जास्त फाटलं असतं. कदाचित वाचला नसता."

"मग तुम्ही त्याचा जीव तिच्या बदल्यात मोजला."

"हो," मी म्हणाले. "गोळी त्याच्यावर झाडली होती. ती बाई मेथी घेत होती."

मुलगी खाली बसली नाही. तिला अजून काही विचारायचं होतं, पण तास संपला. जाताना ती टेबलापाशी आली आणि ट्रेमधली नमुन्याची गोळी उचलून दिव्याकडे धरली. काही बोलायच्या आधी तिने टोक पाहिलं.